घरच्या गॅरेजमध्ये रॉक क्रॉलर: आधी गाडीला हळू चालायला शिकवा

ऑफ-रोडिंगच्या गप्पा निघाल्या की एक प्रश्न हमखास येतो: "इंजिन कुठलं टाकू? किती बीएचपी पुरेल?" विचारणाऱ्याला बहुधा जुनी जिप्सी किंवा जीप मिळालेली असते. घरामागे पत्र्याची शेड असते, वेल्डिंग मशीन मिळण्यासारखं असतं, आणि मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून डोक्यात एक चित्र तयार झालेलं असतं: घराएवढ्या दगडावर गाडी पालीसारखी चढते आहे.

आज या प्रश्नाचं उत्तर बघू. इंजिन हे शेवटचं काम आहे, आणि बऱ्याचदा ते करावंच लागत नाही. रॉक क्रॉलरची सगळी करामत हळू चालण्यात आहे. हे एकदा पटलं की कुठल्या कामावर आधी पैसे घालायचे हेही कळतं.

हा खेळ आला कुठून

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगरात रुबिकॉन ट्रेल नावाची वाट आहे. तिथे मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे आहेत. 1953 साली जीपवाल्यांनी तिथे पहिला जमावडा भरवला आणि तो पुढे दरवर्षीचा झाला. युटा राज्यात मोॲबला वाळूच्या दगडाचे उघडे डोंगर आहेत, तिथेही 1967 पासून ईस्टरला जीपा जमतात. या ठिकाणी लोकांच्या लक्षात आलं, की जोरात आलेला माणूस ॲक्सल मोडून बसतो आणि मुंगीच्या पावलांनी आलेला पलीकडे पोचतो. त्यातूनच घरच्या गॅरेजमध्ये गाड्या बदलण्याची परंपरा वाढली.

तिथल्या हौशी लोकांची एक लाडकी गाडी म्हणजे सुझुकी सामुराई. छोटी, हलकी, साधी. आपली मारुती जिप्सी ही तिचीच लांब बहीण. कुटुंब एकच, फक्त जिप्सीच्या दोन चाकांमधलं अंतर जास्त. म्हणून उदाहरणाला सामुराईच घेतो. आपल्याकडे ते बऱ्याच अंशी जसंच्या तसं लागू पडतं.

क्रॉल रेशो: एक गुणाकार

इंजिन फिरतं वेगात आणि चाक फिरतं हळू. मधे तीन ठिकाणी वेग कमी होतो आणि तेवढाच टॉर्क वाढतो: गिअरबॉक्समध्ये, ट्रान्सफर केसमध्ये आणि ॲक्सलच्या डिफरन्शियलमध्ये. या तिन्हींचे आकडे गुणले की क्रॉल रेशो मिळतो.

अमेरिकी सामुराईचा पहिला गिअर 3.652, ट्रान्सफर केसचा लो 2.268 आणि ॲक्सल 3.73. गुणाकार सुमारे 31. म्हणजे इंजिनाचे 31 फेरे झाले की चाकाचा एक.

आयडलिंगला इंजिन मिनिटाला 800 फेरे मारतं असं धरू. कंपनीच्या सुमारे 26 इंची टायरवर गाडी ताशी सव्वातीन किलोमीटरने चालेल, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतकी. आता हौसेने 31 इंची टायर लावला, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि वेग 3.8 च्या आसपास जातो. गोष्ट उलटी झाली! मोठ्या टायरने गाडी उंच झाली, पण पळकुटीही झाली. दगडावर तिला आवरायला क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत क्लचप्लेटचा वास सुटतो.

यावर उपाय इंजिनात नाही, ट्रान्सफर केसमध्ये आहे. सामुराईच्या ट्रान्सफर केससाठी 6.5 पर्यंतच्या लो रेशोचे गिअर मिळतात. 3.652 गुणिले 6.5 गुणिले 3.73 म्हणजे सुमारे 88. त्याच 31 इंची टायरवर आयडलिंगचा वेग ताशी 1.3 किलोमीटर होतो, मिनिटाला जेमतेम 22 मीटर. ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी दगड चढते. चाक कुठे टेकतंय ते तुम्हाला दिसतं, विचार करायला वेळ मिळतो, आणि 1.3 लिटरचं इंजिन मोठ्या इंजिनासारखं वागतं. जीप रँग्लरच्या 2007 पासूनच्या पिढीत मॅन्युअल रुबिकॉनचा हाच आकडा 73 होता, यावरून अंदाज घ्या.

हवेतलं चाक आणि बाकीची तीन

आता डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. मात्र टॉर्क दोन्हीकडे सारखाच देतं. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला टॉर्क लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही काही मिळत नाही. हवेतलं चाक गरगर फिरतं आणि दगडावरचं गप्प बसतं.

लॉकर म्हणजे ही मोकळीक बंद करणं. हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालणारे लॉकर हवे तेव्हा लावता-काढता येतात, पण महाग. गरिबाचा लॉकर म्हणजे डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर वेल्ड करून टाकणं. अमेरिकेत वेल्डिंग मशीनच्या ब्रँडवरून त्याला गमतीने 'लिंकन लॉकर' म्हणतात. फुकट आणि दणकट. पण तो कधीच सुटत नाही. पक्क्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतो, शाफ्टवर ताण येतो, आणि ओल्या डांबरावर मागचा भाग घसरू शकतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो नकोच.

त्याहून स्वस्त उपाय हवा काढण्याचा. 30 ची हवा 12 वर आणली की टायर दगडाला पंजासारखा धरतो. अजून खाली गेलं तर टायर रिमवरून निसटायची भीती, म्हणून टायरची कड रिंगने आणि बोल्टने आवळून धरणाऱ्या बीडलॉक रिम वापरतात. पण 12 पर्यंतची गंमत बहुतेक गाड्यांत साध्या रिमवरही घेता येते. फक्त रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची.

उंची हवी तेवढीच

सामुराई आणि जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली बसतात. ते ॲक्सलच्या वर घेतले, म्हणजे स्प्रिंग-ओव्हर केलं, की गाडी एकदम पाचेक इंच उचलली जाते. गॅरेजमध्ये हे काम लोकप्रिय आहे, कारण सामान कमी लागतं. पण ते एकट्याने येत नाही, सोबत चार कामं घेऊन येतं.

एक, ॲक्सलवर पाटे बसायच्या नव्या बैठका योग्य कोनात वेल्ड कराव्या लागतात. कोन चुकला की शाफ्टचे जॉइंट थरथरतात. दोन, ब्रेकचे होज अपुरे पडतात. चाक पूर्ण खाली लटकवून तपासलं नाही, तर पहिल्याच खड्ड्यात होज तुटतो. तीन, स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो आणि चाक वरखाली झालं की गाडी आपोआप वळते. चार, टॉर्क मिळताच ॲक्सल स्वतःभोवती पिळतो आणि पाटे इंग्रजी 'एस'सारखे वाकतात. त्यासाठी वेगळा बार लावावा लागतो.

आणि उलटण्याचा हिशोब राहतोच. समजा दोन चाकांमधलं अंतर 130 सेंटिमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर. कागदावर ती सुमारे 47 अंश कलल्यावर उलटेल. तोच मध्य 14 सेंटिमीटर वर गेला की आकडा 41 वर येतो. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर दबतात, त्यामुळे खरी मर्यादा आणखी कमी. म्हणून जाणकार लोक गाडी उचलण्यापेक्षा मडगार्ड कापून टायरला जागा करतात आणि जड सामान खाली ठेवतात.

पिंजरा: इथे काटकसर नाही

रॉक क्रॉलर कधी ना कधी उलटतोच. हे अपयश नाही, खेळाचा भाग आहे. म्हणून रोल केज, म्हणजे पाइपचा पिंजरा, टायरच्या आधी यायला हवा.

पाइप कुठला? नळाचा जीआय पाइप अजिबात नको. तो पाणी वाहायला बनवलाय, धक्का सोसायला नाही. शिवाय त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने धूर होऊन छातीत जातो आणि रात्री थंडी-ताप भरतो. अमेरिकेत साधारण पावणेदोन इंच व्यासाचा, 3 मिलिमीटर जाडीचा डीओएम पाइप रूढ आहे. आपल्याकडे सीडीएस पाइप मागावा, म्हणजे थंड ओढलेला, बिनजोड.

पाइप वाकवायला डाय असलेला बेंडर लागतो. प्लंबरच्या यंत्राने वाकवला तर आतल्या बाजूला चिमटतो आणि तिथेच मोडतो. चौकोन दाबला की लवंडतो, त्रिकोण लवंडत नाही, म्हणून प्रत्येक चौकोनात एक तिरकी दांडी हवी. आणि पिंजऱ्याचे पाय चासीला जोडायचे. फक्त पत्र्याच्या फ्लोअरवर उभे केले तर उलटताना ते पत्रा फाडून खाली जातात आणि छत तुमच्या डोक्यावर येतं.

तुमचं वेल्डिंग कितपत आहे हे पाइपचे दोन तुकडे जोडून, हातोड्याने तोडून बघा. जोड सुटला तर पाइप मापाने कापून टाके मारून ठेवा आणि शेवटचं वेल्डिंग कसलेल्या कारागिराकडून करून घ्या. स्टिअरिंगचे भाग मात्र घरी वेल्ड करूच नका. तिथे एक जोड सुटला तर पुढची संधी नसते.

शेडमधले धोके

दगडावर माणसं सावध असतात, शेडमध्ये नसतात. म्हणून हे नीट लक्षात ठेवा.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. घोड्या लावा, गाडी हलवून बघा, मगच खाली शिरा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. तिला वेल्डिंग करायचं नाही. अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास शेड सोडू नका. गादीखाली गेलेली ठिणगी उशिरा पेटते.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काही ब्रेक क्लीनर स्प्रेमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असतं. त्याने पुसलेला भाग ओला असताना वेल्डिंगचा आर्क लागला, तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू आहे. डब्यावरची नावं वाचा, आणि वेल्डिंगच्या कामाला तो स्प्रे वापरूच नका.

कायदा काय म्हणतो

तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा की बेळगावात, मोटार वाहन कायदा एकच आहे. कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. मान्यताप्राप्त किटसारखे अपवाद सोडून. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतोच.

मग हौस सोडायची का? नाही. अमेरिकेतही पक्के रॉक क्रॉलर बहुतेक ट्रेलरवर लादूनच नेतात. गाडी खाजगी जागेत किंवा आयोजकांनी परवानगी घेतलेल्या मैदानात चालवायची आणि रस्त्यावर तिची चाकं टेकवायची नाहीत. रोजची एकुलती गाडी कापू नका. आणि ओढे, राखीव जंगल, गडाच्या वाटा आपल्या सरावासाठी नाहीत. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट पावसात शेवाळाने साबणासारखा होतो. मोॲबचा कोरडा, खरखरीत दगड पाहून शिकलेलं तिथे चालत नाही.

मग सुरुवात कुठून

क्रम असा ठेवा: आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि गंज तपासून गाडी धड करा. चासीला बोल्टने घट्ट बसवलेले ओढायचे हुक लावा. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून गाडी ओढायची नाही, तो तुटला तर गोळीसारखा उडतो. मग पिंजरा आणि चांगले सीटबेल्ट. मग टायर, आणि हवा कमी करून चालवायचा सराव. त्यानंतर लॉकर, मग ट्रान्सफर केसचे गिअर, आणि अगदी गरजेपुरती उंची. एवढं झाल्यावरही इंजिन कमी पडतंय असं वाटलं, तर तेव्हा बीएचपीबद्दल बोलू.

मला खात्री आहे, बहुतेकांना तो प्रश्न तेव्हा पडणारच नाही. कारण दगडावर पहिल्यांदा पाय उचलून, आयडलिंगवर गाडी चढताना पाहिली, की सोबतची माणसं चालत पुढे जाऊन वाट बघत असतात आणि आपल्याला कसलीच घाई नसते.

काम सावकाश करा, गाडीखाली घोडी लावा, आणि शेडमध्ये एकटे काम करू नका.