अंगणातली जोंगा

जबलपूरकरांस ‘जोंगा’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतर वाचकांसाठी एवढे नमूद करतो की, ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द बनला. जपानच्या निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ गाडीवरून, तिच्या परवान्याने घडविलेले हे लष्करी वाहन येथील १९६९ साली स्थापन झालेल्या व्हेईकल फॅक्टरीत तयार होत असे. इंजिन पेट्रोलचे, सहा सिलिंडरांचे.

त्या कारखान्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत राबलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. लिलावातून आलेली एक जुनी जोंगा त्यांच्या मुलाने दोन वर्षे खपून दुरुस्त केली. वडिलांची दृष्टी अधू होत चालली आहे; ती पुरती जाण्यापूर्वी त्यांना याच गाडीतून भेडाघाटास न्यावे, हा त्याचा हेतू. रंग चढला, गाद्या बसल्या. इंजिन मात्र सुरू होईना.

मुलाने प्रथम कार्ब्युरेटर उघडला. बहुतेक जण तेथूनच आरंभ करतात आणि आमच्या मते तेथेच चुकतात. एका बिघाडाचे दोन होतात.

“ठिणगी पाहिलीस का?” वडिलांनी ओट्यावरूनच विचारले.

“पाहिली, बाबा. चांगली निळी आहे.”

पेट्रोल पोचत होते. सिलिंडरांत दाबही होता. तरी स्टार्टर फिरविला की कार्ब्युरेटरमधून फाट्कन आवाज होऊन ज्वाळ बाहेर येई. (अशा वेळी त्यावर वाकून पाहू नये, हे सुज्ञांस सांगणे नलगे.) तो आवाज ऐकताच वृद्ध गृहस्थ उठून गाडीपाशी आले.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा एक होतो. पहिला व सहावा दट्ट्या जोडीनेच वर येतात. एकात मिश्रण दाबले गेलेले असते, तर दुसऱ्यातून जळका धूर निघून जाऊन नव्या मिश्रणाची झडप उघडू लागलेली असते. पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळी सारखीच जुळते. केवळ तिच्यावर विसंबून डिस्ट्रिब्यूटर बसविला, तर तो नेमका अर्धा फेरा चुकू शकतो. मग ठिणगी पडते ती उघड्या झडपेच्या तोंडी.

मुलाने पहिला प्लग काढून भोकावर बोट धरले व इंजिन हाताने सावकाश फिरविले. दाबाने बोट उचलले गेले, पुढे खूण जुळली. टोपण काढून पाहतो तो रोटर सहाव्या तारेकडे तोंड करून उभा!

डिस्ट्रिब्यूटर पुन्हा काढण्याऐवजी वडिलांनी सहाही तारा टोपणावर समोरासमोरच्या जागी हलविल्या; परिणाम तोच. डोळ्यांचा उपयोग नव्हताच. बोटांनी तारा चाचपत ते पुटपुटत होते : १-५-३-६-२-४.

दुसऱ्या प्रयत्नास इंजिन सुरू झाले. त्या दिवशी भेडाघाटास जाणे झाले नाही. चहा होईपर्यंत वृद्ध गृहस्थ बॉनेटवर हात ठेवून उभे होते. “एक टॅपेट वाजतोय,” ते म्हणाले, “उद्या सकाळी, इंजिन थंड असताना बघू.”