फोन कोणाचा, कोणासाठी?

एका शाळेचा एकच दूरध्वनी क्रमांक आहे अशी कल्पना करू. शिक्षण विभागाचे फोन मुख्याध्यापकांकडे जावेत, पालकांचे कार्यालयात आणि उरलेल्यांचा निरोप नोंदवून ठेवावा, अशी शाळेची इच्छा आहे. पूर्वी बोर्डावर बसलेला ऑपरेटर अशी विभागणी करी. इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनमध्ये ती सर्व्हर संगणक करतो. मात्र त्याला नियम आधी लिहून द्यावे लागतात.

असे नियम लिहिण्यासाठी ‘कॉल प्रोसेसिंग लँग्वेज’, थोडक्यात सीपीएल, नावाची एक लहानशी भाषा आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातल्या लेनॉक्स, वू आणि शुल्झरिने यांनी ती मांडली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये आरएफसी ३८८० या क्रमांकाने ती प्रसिद्ध झाली.

सीपीएलमध्ये फोन करणाऱ्याचा पत्ता आणि ज्याला फोन केला त्याचा पत्ता, असे दोन्ही तपासता येतात. फोन मधेच दुसरीकडे वळवला गेला असेल, तर मूळचा पत्ताही पाहता येतो. पोस्टमनने नव्या पत्त्यावर पाठवलेल्या पाकिटावर जुना पत्ता खोडलेला दिसतो ना, तसेच हे.

पत्ता पूर्ण जुळलाच पाहिजे असे नाही. +९१२० ने सुरू होणारे सारे क्रमांक, म्हणजे पुण्याचे, एकाच नियमात बसवता येतात. दूरध्वनी क्रमांकात देश आधी, मग गाव, शेवटी घर. ‘सीएस डॉट कोलंबिया डॉट ईडीयू’ या नावात मात्र क्रम उलटा: विभाग आधी, मग विद्यापीठ. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो याच क्रमाने. म्हणून सर्व्हर क्रमांक डावीकडून जुळवतो आणि नाव उजवीकडून.

नियम वरून खाली तपासले जातात. जो पहिला जुळेल तो लागू, पुढचे पाहायचेच नाहीत. समजा +९१ चा नियम वर लिहिला आणि +९१२० चा त्याखाली. पुण्याच्या नियमाची पाळी कधी येईल? विद्यार्थ्यांना हे फळ्यावर सोडवू द्या.

आता या भाषेत काय नाही ते पाहू. तिच्यात ‘हे पुन्हा पुन्हा कर’ असे सांगण्याची सोयच नाही. नियमांचा एखादा गट पुन्हा वापरता येतो, पण तो आधीच, वरच्या बाजूला लिहिलेला असला तरच; त्यामुळे स्वतःलाच बोलावणारा गट लिहिता येत नाही. असे का केले? एकाच सर्व्हरवर हजारो ग्राहक आपापले नियम ठेवू शकतात. त्यातल्या एकाचे नियम अखंड फिरत राहिले तर सर्वांचेच फोन अडकतील. कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. तेव्हा भाषेचीच ताकद कमी करणे हा सरळ उपाय. आम्हाला या भाषेतली हीच गोष्ट सर्वात शहाणपणाची वाटते.

तरीही एक पळवाट उरते. जोशी सरांनी आपले फोन पाटील बाईंकडे वळवले आणि बाईंनी ते सरांकडे! दोघांचे नियम स्वतंत्रपणे निर्दोष आहेत, पण फोन मधल्यामधे फिरत राहील. यावरचा इलाज सीपीएलमध्ये नाही. फोन जोडणाऱ्या सिप या प्रोटोकॉलमध्ये आहे. निघताना प्रत्येक कॉलवर एक आकडा असतो, साधारणतः ७०. प्रत्येक सर्व्हर त्यातून एक वजा करतो. शून्य झाले की कॉल पुढे न धाडता ‘फार टप्पे झाले’ या अर्थाचा ४८३ हा उत्तरसंकेत परत येतो. वर्गात चिठ्ठीवर ७ लिहून ती दोन मुलांमध्ये फिरवली, तर हे पाच मिनिटांत कळते.

फोन करणाऱ्याच्या पत्त्यावर आधारलेल्या नियमांबाबत मात्र जपून असावे. तो पत्ता ‘प्रेषक’ या रकान्यातून वाचला जातो आणि रकाना भरतो फोन करणाराच. पडताळणी नसेल तर तिथे दुसऱ्याचा क्रमांकही घालता येतो. अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना इंटरनेट पद्धतीच्या कॉलवर क्रमांकाची ग्वाही देणारी डिजिटल सही जोडणे बंधनकारक झाले, ते याचमुळे. अशी सही नसेल, तर ‘मुख्याध्यापकांच्या क्रमांकावरून आलेला फोन थेट जोडावा’ हा नियम सोयीसाठी ठीक आहे. त्या क्रमांकावरून कोणी परीक्षेचे गुण विचारले, तर ते सांगण्याआधी आपणच उलट फोन करावा.