नोंदी राखणारा नवा व्यवसाय : डेटाबेस व्यवस्थापन

सन 2017 मध्ये महाराष्ट्रात संगणकीकृत सातबाराचे गावोगाव चावडीवाचन करण्यात आले. हस्तलिखित उतारा आणि संगणकातील नोंद यांचा मेळ बसतो किंवा नाही, हे खातेदारांसमक्ष पडताळावे, हा त्यामागील हेतू होता. नावातील एखादे अक्षर अथवा क्षेत्रातील एक आकडा चुकला, तरी खातेदाराचे पीककर्ज अडू शकते. अशा असंख्य नोंदी बिनचूक, सुरक्षित आणि हव्या त्या क्षणी उपलब्ध ठेवणे, हेच डेटाबेस व्यवस्थापनाचे कार्य होय.

या शास्त्राचा पाया 1970 साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी घातला. माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवावी, असे त्यांनी सुचविले. खातेदार एका तक्त्यात, जमीन दुसऱ्यात आणि दोहोंना जोडणारा खाते क्रमांक. म्हणजे नाव एकदा दुरुस्त केले की सर्वत्र दुरुस्त होते. या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिचे प्राथमिक ज्ञान मिळविणे फारसे कठीण नाही.

बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, रेल्वे आणि शासकीय कार्यालये या सर्वांना अशा जाणकारांची गरज भासते. तक्त्यांची रचना करणारा, माहितीचे विश्लेषण करणारा आणि संपूर्ण साठ्याची जबाबदारी वाहणारा प्रशासक, असे या कामाचे प्रमुख प्रकार आहेत. प्रशासकाला माहितीच्या सुरक्षित प्रती काढाव्या लागतात आणि त्या परत वापरता येतात याची खात्रीही करावी लागते. प्रसंगी रात्रपाळीही चुकत नाही. मात्र केवळ माहिती भरण्याच्या कामास व्यवसायाचा भक्कम आधार मानू नये. ते काम यंत्रे झपाट्याने आपल्याकडे घेत आहेत. प्रशासकाच्या दैनंदिन कामाचा काही भागही क्लाउड सेवांकडे गेला आहे. रचना आणि सुरक्षितता जाणणाऱ्याचे महत्त्व मात्र टिकून आहे.

बी.सी.ए., बी.एस्सी. (संगणकशास्त्र) आणि एम.सी.ए. हे रुळलेले मार्ग होत. कला शाखेच्या पदवीधराने एम.सी.ए.साठीची गणिताची अट आधी पाहून घ्यावी. ‘नायलिट’ संस्थेचा ‘ओ’ स्तराचा अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो. सरावासाठी पोस्टग्रेस्क्यूएल ही प्रणाली विनामूल्य मिळते. शाळेच्या जनरल रजिस्टरचे तक्ते तयार करणे हा उत्तम पाठ ठरेल. नावे तेवढी काल्पनिक घ्यावीत, कारण वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे.