प्रकाश, जैविक घड्याळ आणि दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी

प्रस्तावना :
डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याची पद्धत अध्यापनात रूढ आहे. भिंगापुरती ती योग्य असली, तरी दृष्टिपटलाच्या बाबतीत अपुरी ठरते. कॅमेऱ्यातील फिल्म प्रकाश पडेपर्यंत निष्क्रिय असते. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी मात्र उजाडण्यापूर्वीच दिवसाची तयारी करतात. प्रकाश आणि जैविक घड्याळ यांच्या संयुक्त नियंत्रणातून ही तयारी कशी घडते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बाह्यखंडाचे नूतनीकरण :
प्रकाशग्राही पेशी दंडाकार व शंक्वाकार अशा दोन प्रकारच्या असतात. दंडाकार पेशीच्या बाह्यखंडात पटलमय चकत्यांची चळत असून त्यांत ऱ्होडॉप्सिन हे प्रकाशसंवेदी रंजकद्रव्य असते. रिचर्ड यंग यांनी १९६७ मध्ये किरणोत्सारी अमिनो आम्लांच्या साहाय्याने दाखवून दिले, की नव्या चकत्या तळाशी निर्माण होतात व हळूहळू टोकाकडे सरकतात. टोकाशी गळून पडलेल्या चकत्या लगतच्या रंजकस्तराच्या पेशी गिळून पचवितात. सस्तन प्राण्यांत सुमारे १० दिवसांत संपूर्ण बाह्यखंड नवा होतो.

ही गळती दिवसभर सारख्या प्रमाणात होत नाही. उंदरांमध्ये प्रकाश सुरू झाल्यानंतर लवकरच ती उच्चांक गाठते. मॅथ्यू लव्हेल यांनी १९७६ मध्ये उंदीर सतत अंधारात ठेवले, तेव्हाही काही दिवस हा उच्चांक ठरल्या वेळी येतच राहिला. अर्थात, प्रकाश हे या लयीचे मूळ कारण नसून तिची वेळ जुळविणारा संकेत आहे.

घड्याळाचे स्थान :
सस्तन प्राण्यांचे मुख्य जैविक घड्याळ मेंदूत असते. तथापि टोसिनी व मेनाकर यांनी १९९६ मध्ये हॅमस्टरचे दृष्टिपटल शरीराबाहेर जिवंत ठेवले असता, त्यातील मेलाटोनिनची निर्मिती दैनिक लयीने चालू राहिली. सुमारे २० तासांची लय असलेल्या उत्परिवर्तित हॅमस्टरच्या दृष्टिपटलातही ही लय आखूडच आढळली. दृष्टिपटलाला स्वतःचे घड्याळ असल्याचे यावरून सिद्ध झाले.

रासायनिक संदेश :
या घड्याळाचा आदेश दोन रसायनांमार्फत पोहोचतो. मेलाटोनिन रात्रीचा, तर डोपामिन दिवसाचा संदेशवाहक असून ते परस्परांना रोखतात. प्रकाशामुळे डोपामिन वाढते. सुवर्णमत्स्यावरील २००८ मधील संशोधनानुसार दंडाकार व शंक्वाकार पेशींमधील विद्युतजोड दिवसा क्षीण व रात्री दृढ असतो. त्यामुळे रात्री दंडाकार पेशींचे मंद प्रकाशाचे संकेत शंक्वाकार पेशींपर्यंतही पोहोचतात.

लय बिघडल्यास :
या व्यवस्थेचे महत्त्व तिच्या बिघाडातून स्पष्ट होते. मर्टक जनुकातील दोषामुळे रंजकस्तराला गळालेल्या चकत्या गिळता येत नाहीत. प्रकाशग्राही पेशी नष्ट होऊन अंधत्व येते. हा दोष उंदरांत व मानवातही आढळला आहे. २००४ मधील एक प्रयोग अधिक विचारप्रवर्तक आहे. अल्फा-व्ही बीटा-५ इंटिग्रिन या प्रथिनाच्या अभावी उंदरांत चकत्या गिळण्याचे कार्य थांबले नव्हते, केवळ त्याची सकाळची लय हरपली होती; तरीही वाढत्या वयाबरोबर त्यांची दृष्टी गेली.

निष्कर्ष :
दृष्टी टिकण्यासाठी नूतनीकरण जितके आवश्यक, तितकेच ते योग्य वेळी होणेही आवश्यक आहे. प्राण्यांवरील निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लागू करता येत नसले, तरी दृष्टिपटलाच्या अभ्यासात नमुना कोणत्या वेळी घेतला याची नोंद अनिवार्य ठरते. अध्यापनातही डोळा हे केवळ प्रकाश टिपणारे नव्हे, तर काळाचे भान राखणारे इंद्रिय म्हणून मांडणे उचित होईल.