चारशे डॉलरची तार

आमच्या घरात याला ‘पिनांचं खूळ’ म्हणतात. जुन्या नियतकालिकात, एखाद्या संग्रहालयाच्या यादीत, कुठल्या खटल्याच्या हकिगतीत सेफ्टी पिनचा उल्लेख दिसला की मी टिपून ठेवते. पदर सावरणं, परकराची नाडी ओवणं, चपलेचा तुटलेला पट्टा कसाबसा घरापर्यंत नेणं, बालवाडीतल्या पोराच्या छातीवर रुमाल टिकवणं, बोटात रुतलेलं कुसळ काढणं, एवढी कामं करणारी दुसरी वस्तू चिल्लरीत मिळत नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका तर तिला घरात शोधतही नसत. ती हातातल्या बांगडीला नाहीतर मंगळसूत्राला अडकवलेलीच असायची, आणि शेजारणीलाही तिथूनच काढून दिली जायची.

हिच्या जन्माची गोष्ट तुम्ही बहुधा ऐकली असेल. उद्योजकतेच्या भाषणांत ती हमखास येते. न्यूयॉर्कमधला वॉल्टर हंट नावाचा कफल्लक संशोधक. डोक्यावर पंधरा डॉलरचं देणं. चिंतेत बसल्या बसल्या हातातली तार वाकवताना तीनेक तासांत पिन तयार झाली, आणि त्या वेड्याने तिचे हक्क चारशे डॉलरला ‘डब्ल्यू. आर. ग्रेस’ कंपनीला विकून टाकले. कंपनीने लाखो कमावले, हंट उपाशी राहिला. तात्पर्य: हक्क विकू नका.

या गोष्टीतला पंधरा डॉलरचा आणि तीन तासांचा भाग मी सोडून देते. संशोधकांच्या दंतकथांत असं काही लागतंच. पण ग्रेस कंपनीचं नाव मला पहिल्यापासून खटकत होतं. विल्यम रसेल ग्रेस हा आयरिश माणूस जन्मला 1832 साली. त्याची कंपनी उभी राहिली 1854 मध्ये, तीही न्यूयॉर्कमध्ये नाही तर पेरू देशात. पुढे तो न्यूयॉर्कचा महापौर झाला हे खरं, पण पिनच्या वेळी, म्हणजे 1849 च्या एप्रिलात, तो सोळा वर्षांचा पोरगा होता आणि त्याच्या कंपनीला अजून पाच वर्षं अवकाश होता. म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या कंपनीने हंटला लुबाडलं, असं जगभरचे वक्ते सांगत फिरतात.

आता मूळ कागद पाहू. अमेरिकी पेटंट क्रमांक 6281, तारीख 10 एप्रिल 1849. विषय: कपड्याची पिन. मजकूर जेमतेम दोन पानांचा, सोबत आकृत्या. माथ्यावर वॉल्टर हंटचं नाव आहे आणि त्याच ओळीत, हक्क विल्यम आणि जॉन रिचर्डसन यांच्याकडे सोपवल्याची नोंद. हे रिचर्डसन आज कुणालाच आठवत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी ओळखीच्या मोठ्या कंपनीचं नाव चिकटलं असावं. पण खरी गंमत त्या नोंदीच्या वेळेत आहे. पेटंट निघालं तेव्हाच त्यावर खरेदीदारांची नावं होती. म्हणजे व्यवहार आधी ठरलेला होता. हातातली मौल्यवान वस्तू नंतर भोळेपणाने कुणी काढून घेतली, असं हे प्रकरण दिसत नाही. एका कारागिराने गिऱ्हाइकासाठी काम केलं आणि मजुरी घेतली, असं दिसतं. त्या काळी साध्या मजुराला दिवसाला साधारण एक डॉलर मिळे. तेव्हा चारशे डॉलर ही रक्कम वर्षभराच्या मजुरीहून जास्तच होती.

कागदाची भाषाही मला फार आवडते. हंट आपल्या पिनचं कौतुक करतो ते आधीच्या पिनांची दुखणी सांगून. त्यांच्यात सांधा असतो, तो मोडतो. खिळीवर फिरणारा भाग झिजतो, सैल होतो. लावताना टोक बोटाला टोचतं. मग उपाय: अख्खी पिन एकाच तारेची. मधे तारेला वेटोळं, तीच स्प्रिंग. एका टोकाला आकडा, त्यात दुसरं टोक अडकवायचं. सांधाच नाही, तर मोडणार काय? आकृत्यांमध्ये त्याने या एका कल्पनेचे निरनिराळे आकार काढून दाखवलेत, काही तर दागिन्यासारखे नक्षीदार.

त्या वेटोळ्याकडे जरा थांबून पाहायला हवं. साधी तार अर्ध्यात वाकवली तर सगळा ताण त्या एका वळणावर येतो. पाच-दहा वेळा उघडझाप केली की तार तिथे कायमची वाकते, नाहीतर तुटते. तीच तार गोल फिरवून घेतली की वाकणं सगळ्या वेटोळ्यात वाटलं जातं, प्रत्येक कणाच्या वाट्याला थोडं थोडं. म्हणून पिन हजारदा उघडली तरी मिटायला उत्सुक असते. तिला आकड्यात ठेवणाराही हाच दाब. दीडशेहून जास्त वर्षांत माणसांनी हिला झाकण दिलं, निकेलचा मुलामा दिला, गोधडी शिवणाऱ्यांसाठी वाकडी केली, कपड्यांच्या लेबलांसाठी वेटोळ्याशिवाय पेरूच्या आकाराची केली. मूळ कल्पना हलली नाही. त्याच 1849 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या चार्ल्स रोलीनेही अशाच पिनचं पेटंट घेतलं. तिथेही कुणाला तरी तोच सांधा सलत होता.

हंट मात्र पिनपुरता माणूस नव्हता. 1796 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मार्टिन्सबर्गजवळ शेतकरी कुटुंबात जन्म. अंबाडीसारख्या धाग्यांच्या सूतकताईचं यंत्र, घोडागाडीच्या चालकाला पायाने वाजवता येईल अशी घंटा, सुऱ्यांना धार लावायचं साधन, शेगडी, दौत, खिळे पाडायचं यंत्र, कागदी कॉलर... यादी संपत नाही. सर्कशीतल्या कलाकारांना छतावर उलटं चालता यावं म्हणून त्याने बूटसुद्धा केले होते. आणि ज्या वर्षी त्याने बोटाला न टोचणारी पिन केली, त्याच 1849 मध्ये त्याने एका मागोमाग गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीचंही पेटंट घेतलं. तिच्याच वंशात पुढे विंचेस्टर रायफल आली. माणसाला एका विषयाची निष्ठा नव्हती. समोर अडचण दिसली की तो सोडवायला बसे, आणि सुटली की कंटाळे.

त्याचं खरं नुकसान पिनमध्ये झालं नाही, शिलाई यंत्रात झालं. 1833-34 च्या सुमाराला त्याने दोन धाग्यांनी टाका घालणारं यंत्र केलं. सुईच्या नाकाऐवजी टोकाला भोक आणि खालून दुसरा धागा घेऊन जाणारा धोटा, म्हणजे आजच्या घरगुती यंत्राचा गाभाच. पेटंट घेतलं नाही. जॉर्ज अ‍ॅरोस्मिथ नावाच्या माणसाला त्याने हक्क विकले, पण अ‍ॅरोस्मिथ दुसऱ्या उद्योगांत गुंतला आणि यंत्र धूळ खात पडलं. दरम्यान 1846 मध्ये इलियास हाऊने तत्सम यंत्राचं पेटंट मिळवलं. पुढे हाऊ आणि शिलाई यंत्रांचा कारखानदार सिंगर यांचं जुंपलं तेव्हा सिंगरच्या बाजूच्या लोकांनी हंटचं जुनं यंत्र उकरून काढलं, कारण हंट आधीचा ठरला तर हाऊचा दावा कोसळणार होता. हंटने 1853 मध्ये, जवळजवळ वीस वर्षांनी, अर्ज केला. पेटंट आयुक्त चार्ल्स मेसन यांचा 1854 चा निकाल वाचताना आजही चुटपुट लागते. त्यांनी मान्य केलं की शोध आधी हंटचा. आणि पेटंट ठेवलं हाऊकडेच, कारण इतकी वर्षं हंट गप्प बसला होता.

तो गप्प का बसला? सर्रास सांगितलं जातं ते असं: हंटने आपल्या तरुण मुलीला, कॅरोलाइनला, या यंत्रावर कॉर्सेट शिवायचा धंदा काढ म्हणून सुचवलं, आणि तिने नकार दिला. हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायकांचं काम जाईल, असं तिचं म्हणणं. मला ही गोष्ट खोटी वाटत नाही, पण अर्धीच वाटते. पदरात पैसा नसणं, हक्क घेणारा दुसरीकडे गुंतलेला असणं आणि समोर नवी अडचण खुणावत असणं, एवढ्यावरही हंटसारखा माणूस यंत्र कोपऱ्यात ढकलू शकतो. मुलीच्या कळवळ्याने सगळं झाकलं जातं आणि गोष्ट गोड होते, म्हणून ती जास्त सांगितली जाते. शेवटी 1858 मध्ये सिंगरने हंटला हप्त्याहप्त्याने पन्नास हजार डॉलर द्यायचं कबूल केलं. पुढच्याच वर्षी हंट वारला. तेव्हा वक्त्यांना तात्पर्यच हवं असेल तर या प्रकरणातून काढावं. पिनला त्यात ओढू नये.

आता एक कबूल करायला हवं. हंटला जे नवं वाटलं ते पूर्णपणे नवं नव्हतं. ग्रीसमध्ये मायसिनीच्या काळापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या आसपास, तारेचं वेटोळं आणि अडकवायला खाच असलेले ब्रूच सापडतात. रोमन लोक तर ते सर्रास वापरत. कपड्यांच्या पिनांची एक भयंकर हकिगत ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितली आहे. एजिना बेटावरच्या स्वारीतून एकच अथेन्सवासी जिवंत परतला. मेलेल्यांच्या बायकांनी त्याला घेरलं आणि ‘माझा नवरा कुठे?’ असं विचारत प्रत्येकीने आपल्या वस्त्राची पिन त्याला टोचली. तो मेला. अथेन्सकरांनी मग बायकांचा पेहरावच बदलला, पिन लागणार नाही असा केला. लोकलच्या किंवा बसच्या गर्दीत अंगचटीला येणाऱ्याला हळूच पिन टोचणाऱ्या आपल्या बायका काही नवं करत नाहीत. अथेन्सच्या पुरुषांनी मात्र पिनच काढून घेतली, हे आठवणीत ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे पिनचं राज्य पाचवारीबरोबर पसरलं. सुती नऊवारी ओचा, काष्टा आणि खोचण्यावर उभी राहते, तिला पिन लागतच नाही. खांद्यावर पदर टाचायच्या रीतीचा एक धागा मात्र मुंबईशी जोडलेला आहे. सत्येंद्रनाथ टागोर 1864 मध्ये मुंबई इलाख्यात नोकरीला आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवींनी इथल्या पारशी बायकांची साडी पाहिली, आपल्या सोयीने बदलली आणि बंगालमध्ये नेली. खांद्यावर ब्रूच, खाली पोलकं आणि परकर. नायलॉन आणि जॉर्जेटच्या घसरड्या साड्या आल्यावर ब्रूचची जागा सेफ्टी पिनने घेतली आणि निऱ्याही पिनेच्या ताब्यात गेल्या.

आणखी एका माणसाला पिनांनी पछाडलं होतं, ते चांगल्या अर्थाने मात्र नाही. फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हालिये जॅक्सन (1865-1958) घशात आणि श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तू काढत. काढलेली प्रत्येक वस्तू जपून ठेवत. त्यांचा 2374 वस्तूंचा संग्रह आज तिथल्या म्युटर संग्रहालयात आहे. खिळे, नाणी, बटणं, आणि ओळीने मांडलेल्या सेफ्टी पिना. मिटलेली पिन फारशी कठीण नाही. उघडी पिन टोक वर करून अन्ननलिकेत बसली की ओढताक्षणी भिंत फाडते. जॅक्सनने अशी पिन साधनाने घशातच मिटवून पाहिली, आणि ते जमेना तेव्हा ती हलकेच जठरात ढकलून, तिथे उलटी फिरवून, वेटोळ्याचं टोक पुढे ठेवून बाहेर काढायची युक्ती वापरली. त्या संग्रहाची छायाचित्रं पाहिल्यापासून मी घरात सगळ्यांना छळते.

म्हणून तुमच्यासाठीही दोन-तीन गोष्टी. रेशमी साडीला स्वस्तातली लोखंडी पिन लावून कपाटात ठेवू नका. मुलामा गेला की गंजाचा डाग पडतो आणि तो निघता निघत नाही. पितळी पिना घ्या, चार पैसे जास्त पडतील. वेटोळ्यात जरीचा धागा अडकतो, ते टाळायला पिनेत आधी एक मणी ओवा, मग कापडात घाला. आणि निऱ्या घालताना पिना ओठांत धरायची आपली सवय आजच सोडा. बांगडीला अडकवून ठेवा.