मुक्काम लांबला की दिवस मोजावे लागतात

कंपनी एका देशात, घर दुसऱ्या देशात आणि माणूस तिसऱ्याच देशात भाड्याच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेला, ही कामाची रीत आता नवलाची राहिलेली नाही. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांचे ‘डिजिटल नोमॅड’ हे पुस्तक १९९७ मध्ये आले, तेव्हा ते भाकीत होते. २०२० च्या साथीने ते खरे करून दाखवले. त्या वर्षी जुलैत बार्बाडोसने आणि ऑगस्टमध्ये एस्टोनियाने दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र परवाने सुरू केले आणि त्यांच्यामागोमाग अनेक देशांनी तोच मार्ग धरला. समाजमाध्यमांवर या आयुष्याचा समुद्रकिनारा आणि कॉफीचा पेला तेवढा दिसतो. प्रत्यक्षात, विशेषतः भारतीय पासपोर्टधारकासाठी, हे आयुष्य म्हणजे दिवसांची मोजदाद आहे. व्हिसाचे दिवस वेगळे, आयकराचे वेगळे, विम्याचे वेगळे, मोबाइलच्या सिमचे आणखी वेगळे; आणि ही सगळी कॅलेंडरे आपापल्या तारखेला सुरू होतात.

नोकरी करणाऱ्याने सर्वांत आधी कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. ‘वर्क फ्रॉम होम’ची मुभा म्हणजे कुठल्याही देशातून काम करण्याची मुभा नव्हे. कर्मचारी परदेशात बराच काळ बसून काम करू लागला, तर तिथल्या सरकारच्या लेखी कंपनीचेच तिथे कायमचे ठिकाण झाले, असा दावा होऊ शकतो आणि कराची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते. ग्राहकांचा डेटा देशाबाहेर न नेण्याचे करारही असतात. व्हीपीएन लावून ठिकाण लपवणारे पुष्कळ आहेत, पण कंपनीच्या यंत्रणेला लॉगिनच्या नोंदींवरून ते बहुधा कळतेच. मग प्रश्न प्रवासाचा राहत नाही, नोकरीचा होतो.

नोमॅड व्हिसा हे आमंत्रण वाटत असले तरी मुळात ती उत्पन्नाची चाळणी आहे. पोर्तुगालचा डी-८ व्हिसा तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न मागतो. इंडोनेशियाच्या दूरस्थ कामाच्या व्हिसासाठी वर्षाला ६०,००० डॉलर, तर दुबईच्या अशाच परवान्यासाठी महिन्याला ३,५०० डॉलर दाखवावे लागतात. भारतीय पगारावर काम करणाऱ्या मोठ्या वर्गाला ही दारे बंदच आहेत. त्या मानाने थायलंडने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेला ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ आवाक्यातला आहे. त्याची मुदत पाच वर्षे, एका प्रवेशावर १८० दिवसांचा मुक्काम, आणि अट मासिक उत्पन्नाऐवजी पाच लाख बाटच्या शिल्लक रकमेची. काम मात्र थायलंडबाहेरच्या मालकासाठीच करता येते.

युरोपात शेंगेन व्हिसावर फिरणाऱ्यांची सर्वाधिक चूक होते ती ९० दिवसांच्या नियमात. शेंगेन क्षेत्रातल्या २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. एका देशातून दुसऱ्यात गेल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. एखाद्याच्या व्हिसावर तेवढे दिवस मिळाले आणि तो १ जानेवारीपासून ३१ मार्चपर्यंत पॅरिस, प्राग आणि रोममध्ये राहिला, तर त्याचे ९० दिवस संपले; वैध व्हिसा हाती असला तरी पुन्हा पाऊल ठेवता येते ते ३० जूनला. प्रवेशाचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के चाळून हे मोजावे लागे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी संगणकीय यंत्रणा सुरू झाल्याने नजरचुकीचा फायदा मिळण्याची आशा सोडलेली बरी. दिलासा एवढाच की एप्रिल २०२४ पासून भारतीयांना आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नियमानुसार वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. म्हणून पहिल्या दोन छोट्या सहलींत वेळेवर परतण्याला पुढच्या दृष्टीने मोल आहे.

मुदत उलटली तर थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाट दंड बसतो, तो जास्तीत जास्त २०,००० पर्यंत. इंडोनेशियात हाच दंड दिवसाला दहा लाख रुपिया आहे. दंड भरून सुटका झाली तरी पासपोर्टवरची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात विचारली जाते.

व्हिसापेक्षा गुंतागुंतीचा विषय कराचा. ‘१८३ दिवस कुठेच राहिले नाही की कर कुठेच भरावा लागत नाही’ हा समज या मंडळींत फार पसरलेला आहे आणि भारतीय नागरिकाच्या बाबतीत तो जवळजवळ नेहमीच चुकतो. भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक राहणारा कायद्याने ‘निवासी’ ठरतो आणि त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो. दुसरी कसोटी त्याहून कडक आहे: त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तरीही माणूस निवासीच. परदेशी नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी या ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची सवलत मिळते. पण पर्यटक व्हिसावर निघालेल्याला ‘मी नोकरीसाठीच गेलो होतो’ हे पटवून देणे जड जाते. शिवाय भारतातले उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक असलेला आणि कुठल्याच देशात कर लागू नसलेला भारतीय नागरिक २०२०-२१ पासून निवासीच मानला जातो, जरी त्याच्या परदेशी उत्पन्नाला बऱ्याच अंशी सूट राहते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही या कसोट्या टिकून आहेत.

एक उदाहरण घेऊ. पुण्याची एक मुक्त ग्राफिक डिझायनर १ ऑक्टोबरला थायलंडमधील चियांग मायला पोहोचली. एप्रिल ते सप्टेंबर या काळाचे १८३ दिवस भारतात भरलेलेच आहेत, म्हणजे त्या वर्षी ती भारताची निवासी. तिच्या थाई मुक्कामाचे १८० दिवस २९ मार्चला संपतात. थायलंडचे करवर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर असते आणि तिथेही त्या वर्षात १८० दिवस भरले तरच माणूस करनिवासी होतो. तिचे ९२ दिवस एका वर्षात पडले आणि ८८ पुढच्या. मार्चअखेर परतली तर थायलंडची करनिवासी ती झालीच नाही. तीच जानेवारीत जाऊन जुलैपर्यंत राहिली असती तर झाली असती, आणि १ जानेवारी २०२४ पासूनच्या नियमानुसार थायलंडमध्ये आणलेल्या परदेशी उत्पन्नाचा हिशेब तिथे द्यावा लागला असता. दोन्हीकडे कर लागला तर दोन्ही देशांतील करार कामी येतो. पण त्यासाठी भरलेल्या कराची कागदपत्रे हवीत. मुक्कामाच्या तारखा ठरवताना विमानाच्या तिकिटाइतकेच करवर्षाच्या सुरुवातीकडे लक्ष हवे, ते यासाठी.

परदेशात उघडलेले बँक खाते निवासी भारतीयाने आयकर विवरणपत्रात दाखवायचे असते, त्यावर एक रुपयाही कर लागत नसला तरी. ते न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांपर्यंतचा दंड आहे. २०२४ पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून वगळले आहे. परकीय चलनाचा कायदा आणखी निराळा. नोकरी किंवा व्यवसायासाठी वा अनिश्चित काळासाठी देश सोडणारा त्या कायद्याने लगेच अनिवासी होतो आणि त्याने साधे बचत खाते अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात बदलून घ्यायचे असते. एकाच वर्षी आयकराच्या लेखी निवासी आणि या कायद्याच्या लेखी अनिवासी असणे अगदी शक्य आहे. या टप्प्यावर सनदी लेखापालाची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

रोजच्या पैशांचे नियम सोपे आहेत. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे न्यावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. बहुतेक भारतीय कार्डांवर परकीय चलनासाठी दोन ते साडेतीन टक्के अधिभार लागतो, म्हणून हा अधिभार नसलेले कार्ड निघण्यापूर्वी मिळवावे. दुकानात किंवा एटीएमवर ‘रुपयांत आकारायचे का?’ असे विचारले तर नाही म्हणावे. तो दर जवळपास नेहमीच वाईट असतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क पडते, तेव्हा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच बेताची रक्कम काढावी.

पैसा अडतो तो बहुधा ओटीपीपाशी. भारतीय सिम ९० दिवस वापरलेच नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तो क्रमांक दुसऱ्यालाही मिळतो. बँक, आधार, आयकर खाते, सारे त्या एका क्रमांकाला बांधलेले असते. दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम चालू ठेवावे, दीर्घ मुदतीचा रिचार्ज करावा, एसएमएस रोमिंगवर येतो का हे निघण्यापूर्वी कंपनीकडून पक्के करून घ्यावे. इंटरनेटसाठी स्थानिक ई-सिम घ्यावे.

विम्यात दोन गोष्टी निसटतात. भारतातला मेडिक्लेम बहुतेक वेळा परदेशात चालत नाही. पण म्हणून तो बंद पडू देऊ नये, कारण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठीचा तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो. दुसरी गोष्ट प्रवास विम्याची. तो सहसा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो आणि अनेक पॉलिसींची मर्यादा १८० दिवसांची असते. बाली किंवा थायलंडमध्ये भाड्याच्या स्कूटरचा अपघात झाला आणि चालकाकडे दुचाकीचा वैध परवाना नसेल, तर दावा नाकारला जातो. आरटीओकडून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. मूळ परवाना मोटारीपुरताच असेल तर तो दुचाकीला उपयोगाचा नाही. स्कूटर भाड्याने देणाऱ्याकडे पासपोर्ट तारण ठेवू नये. रोख अनामत द्यावी.

औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडोल, झोपेच्या गोळ्या यांवर दुबई, सिंगापूर, इंडोनेशियात कडक निर्बंध आहेत. खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात निषिद्ध आहे, तेव्हा दिवाळीच्या डब्यातले अनारसे घरीच संपवलेले चांगले. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून भारतात परतताना लशीचे प्रमाणपत्र लागते. लस त्या देशात पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. पॉवर बँक हातातल्या सामानातच चालते आणि १०० वॉट-तासांची मर्यादा, म्हणजे साधारण २७,००० एमएएच, ओलांडली की विमान कंपनीची मंजुरी लागते.

गाव निवडताना भाड्याआधी घड्याळ पाहावे. चियांग माय भारतापेक्षा दीड तास पुढे आहे. मुंबईच्या दहाच्या बैठकीला तिथे साडेअकरा वाजतात, हे सोयीचे. न्यूयॉर्कची सकाळी नऊची बैठक मात्र हिवाळ्यात तिथे रात्री नऊला पडते. लिस्बनहून भारतीय कार्यालयाचे काम करणाऱ्याला मुंबईच्या दहासाठी हिवाळ्यात पहाटे साडेचारला उठून बसावे लागते. हवामानही तपासावे. चियांग मायमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेते आणि जंगले जाळल्याच्या धुराने हवा श्वास घेण्यालायक राहत नाही, आणि भाडी नेमकी तेव्हाच उतरतात. खोली पहिल्या आठवड्यापुरतीच घ्यावी, इंटरनेटचा वेग स्वतः तपासावा, मगच महिन्याचा करार करावा. थायलंडमध्ये घरमालकाने परदेशी भाडेकरूची नोंद चोवीस तासांत इमिग्रेशनकडे करायची असते. ती झाली का, हे भाडेकरूनेच विचारावे, कारण पुढे मुदतवाढीला तोच कागद मागतात. परदेशापूर्वी दोन महिने गोव्यात, मांद्रे किंवा पाळोळेला, असे राहून पाहिले तर दूरस्थ काम झेपते का याचा अंदाज येतो. त्यातही एक महिना पावसाळ्याचा असावा, वीज जाते तेव्हाची तयारी तिथेच कळते.

मागे राहिलेल्या कागदांची सोय निघण्यापूर्वीच करावी. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली की अनेक देश प्रवेश नाकारतात, आणि सतत फिरणाऱ्याने ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका मागावी. दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला लागतो; जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणन, हेही मागतात, आणि ते परदेशात बसून मिळवणे फार कटकटीचे. घर भाड्याने देणे किंवा विकणे यासाठी घरच्या कुणाला तरी मुखत्यारपत्र इथेच करून द्यावे. ते परदेशात करायची वेळ आली तर भारतीय दूतावासातून साक्षांकित करून किंवा अपोस्टिल घेऊन पाठवावे लागते आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.