औषध दवाखान्याचे, धीर घरचा

आमच्या आळीत एक सुतार राहतात. मध्यंतरी त्यांच्या बायकोला खोकला लागला. आम्ही तिला वहिनी म्हणतो. तीन आठवडे झाले तरी खोकला हटेना. संध्याकाळी अंगात कसकस, रात्री घाम. अन्नावरची वासना उडाली. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, तर क्षय निघाला.

घरात कुजबूज सुरू झाली. चुलती म्हणाली, "अरे, तिला माहेरी धाडून दे. बरी झाली म्हणजे येईल."

सुतार म्हणाले, "काकी, रंध्याची धार गेली तर आम्ही ती लावून घेतो. रंधा दुसऱ्याच्या दारात टाकून येत नाही."

सुतारांचे बोलणे बरोबर होते. ते कसे, ते आपण पाहू.

क्षय हा शाप नव्हे आणि पाप नव्हे. तो एका जंतूमुळे होतो. हा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली शोधून काढला. रोगी खोकला की जंतू हवेतून पसरतात. ताटवाटीतून किंवा कपड्यांतून हा रोग लागत नाही. पूर्वी क्षयाच्या रोग्याला घरापासून दूर, आरोग्यधामात ठेवीत. मग 1956 साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक मोठी पाहणी सुरू झाली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच ठेवले. औषध दोघांना सारखेच दिले. घरचे रोगी गरीब होते, घरे दाटीची होती. तरीही ते जवळजवळ तितकेच बरे झाले! घरच्या माणसांनाही त्यामुळे जास्त धोका झाला नाही. हे 1959 साली जगाला कळले. म्हणून आज बहुतेक रोग्यांवर घरीच उपचार होतात.

साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. मग अडते कुठे? पहिली गोळी घेणे सोपे असते. शंभरावी गोळी घेणे अवघड असते. गोळ्यांनी मळमळते. रोज रोज कंटाळा येतो. शेजारपाजारची माणसे टाळू लागतात, ते मनाला लागते. अशा वेळी नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला सांभाळायचे असते.

गोळ्या सुरू झाल्या आणि वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "अहो, लघवी लाल झालीय. रक्त तर नाही ना?"

सुतारांना नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवले होते. ते म्हणाले, "घाबरू नकोस. तो गोळीचा रंग आहे. सरकारनं औषध फुकट दिलं, वर रंगपंचमीही फुकट!"

वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सुतारांनी आधी खरे सांगितले, मग थट्टा केली. माणसाला हसवावे, पण फसवू नये. आणि थट्टेचीही वेळ असते. डोळे पिवळे झाले, दिसायला अंधुक झाले, उलटी थांबेना, तर थट्टा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सुतार रोज गोळी दिली की दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने एक रेघ ओढीत. तिसऱ्या महिन्यात खोकला गेला, वजन वाढले. वहिनी म्हणाल्या, "आता मी बरी आहे. पुरे झाल्या गोळ्या."

खरा धोका इथेच असतो. बरे वाटते, पण काही जंतू आत दडून असतात. औषध मध्येच सोडले तर रोग उलटतो. मग नेहमीचे औषधही कधी कधी लागू पडत नाही.

सुतार रागावले नाहीत. म्हणाले, "पात्याला धार लागली. पण पाचर ठोकल्याशिवाय रंधा चालवला, तर पातं निसटतं."

"म्हणजे मी रंधाच का हो?" असे म्हणत वहिनींनी गोळी घेतली.

मैत्रिणींचे काय झाले? भजनाच्या बायका आधी येईनाशा झाल्या होत्या. नर्सबाईंनी त्यांना समजावले, की औषध सुरू झाले म्हणजे काही आठवड्यांत रोग पसरण्याचे भय पुष्कळ कमी होते. मग त्या येऊन ओट्यावर मोकळ्या हवेत बसू लागल्या. एकीने शेंगदाण्याचे लाडू आणले, एकीने मुलांना सांभाळले.

सुतारांनाही आधार लागला. दुखणाइताची चौकशी सगळे करतात, सेवा करणाराची कोणी करीत नाही. एकदा ते दुकानात डोके धरून बसले होते. मित्राने चहा मागवला. म्हणाला, "दवाखान्याच्या दिवशी दुकान मी बघतो. तू जा." त्या एका वाक्याने त्यांचा निम्मा भार उतरला.

सहा महिने पुरे झाले. तपासणीत वहिनी रोगमुक्त ठरल्या. चौकटीवरच्या रेघा अजून आहेत. वहिनी म्हणतात, "रंधा मारून पुसून टाका." सुतार काही ऐकत नाहीत.

वाचकहो, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. घरात रोगी असेल तर घरच्या सर्वांची तपासणी करा, खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर फडके धरायला सांगा. रोग्याच्या आहारासाठी सरकार 2018 सालापासून बँकेत पैसे भरते. आधी महिना 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले. त्याची दवाखान्यात चौकशी करा. आणि आपल्या माणसाजवळ बसा. औषध दवाखाना देईल. ते शेवटच्या दिवसापर्यंत घेण्याचा धीर मात्र आपणच द्यायचा आहे.